सासूचं घर, सुनेची अपात्रता : विचखेड्याच्या सरपंचपदाचं प्रकरण

फेब्रुवारी २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या सरपंचपदी मनीषा रवींद्र पानपाटील निवडून आल्या. पद महिलेसाठी राखीव होतं. त्यांनी निधी खाल्ला, बोगस बिलं काढली, कारभारात काही वावगं केलं, असं त्यांच्या विरोधकांना काही सापडलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने निकालात ही गोष्ट मुद्दाम नोंदवली आहे. तरीही त्यांना पदावरून दूर करण्यात आलं. कारण काय, तर त्या सासूबरोबर ज्या घरात राहतात ते घर सरकारी जागेवर आहे, अशी गावातल्या काही जणांची तक्रार.

पानपाटील यांचं म्हणणं साधं होतं. मी त्या घरात राहत नाही, नवरा आणि मुलांसह वेगळी, भाड्याच्या घरात राहते. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं. विभागीय आयुक्तांनी तो आदेश कायम ठेवला. ३ ऑगस्ट २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका तांत्रिक मुद्द्यावर फेटाळली. शेवटी २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. सूर्य कांत आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने हे सगळे आदेश रद्द केले आणि मुदत संपेपर्यंत पानपाटील यांनीच सरपंच म्हणून काम करावं, असं सांगितलं.

राजकारणातल्या बायकांवरच्या हिंसेविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा रक्त निघालेली प्रकरणं घेतो. भर ग्रामसभेत मारहाण, मागासवर्गीय महिला सरपंचाला ध्वजवंदन करू न देणं, बदनामीचे व्हिडिओ. ती प्रकरणं घ्यायलाच हवीत. विचखेड्याच्या प्रकरणात यातलं काही नाही. इथे सगळं कायद्याने झालं, शिक्क्यासह झालं, आणि म्हणूनच हे प्रकरण नीट उलगडून बघावंसं वाटतं. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतली निम्मी सरपंचपदं बायकांसाठी राखीव असतात. त्यातल्या बहुतेक जणींवर कुणी हात उचलणार नाही. पण त्यांच्यातल्या कुणाहीविरुद्ध तक्रार टाकता येते.

खुर्ची कशी आली

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेलं. सरपंचपदाचं आरक्षण चक्राकार फिरतं, त्यामुळे एखाद्या बाईला राखीव पदावर साधारण एकच पाळी मिळते, पाच वर्षांची. पुढच्या खेपेला ते पद खुलं होतं आणि गावातले कारभारी पुन्हा मांडी ठोकून बसतात. पाच वर्षांतला प्रत्येक महिना तिच्यासाठी किती मोलाचा असतो, हे यावरून लक्षात येईल.

१५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातल्या १४ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत त्या आधीच्या वर्षी रद्द झाली होती, म्हणून निवडून आलेल्या सदस्यांमधून सरपंच ठरायचा होता. शिवाय सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निकालानंतर काढायची, असं सरकारने ठरवलं होतं. म्हणजे पॅनेल उभं करताना, पैसा लावताना, भावकी जुळवताना सरपंचपद कुणाकडे जाणार हे गावाला ठाऊक नव्हतं. सोडत निघाली आणि कित्येक गावांत पॅनेलप्रमुखाऐवजी त्याच पॅनेलमधल्या एखाद्या बाईकडे पद गेलं.

गावातले वजनदार लोक या पदाकडे कसं बघतात याचा पुरावा त्याच निवडणुकीत मिळाला होता. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी या दोन गावांत पदांचा जाहीर लिलाव झाला आणि राज्य निवडणूक आयोगाला तिथल्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. बोली लावणारे लोक सरपंचपदाला गावकीची मालमत्ता समजतात. सोडतीत ती मालमत्ता एका सुनेच्या हाती गेली की ती परत मिळवण्याची खटपट सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने विचखेड्याविषयी नेमकं हेच म्हटलं : बाई सरपंच झाली हे गावातल्यांना पचलं नाही, ती आपल्या वतीने निर्णय घेणार आणि तिचं आपल्याला ऐकावं लागणार हे मानवलं नाही, कारभारात बोट ठेवायला जागा नाही म्हटल्यावर हरप्रकारे तिच्यावर शिंतोडे उडवण्याचा मार्ग धरला गेला.

अविश्वास नको, अपात्रता बरी

महिला सरपंचाला हटवण्याचे इथे महत्त्वाचे कायदेशीर मार्ग दोन. पहिला अविश्वास ठरावाचा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये महिलांसाठी एक संरक्षण आहे : पद महिलेसाठी राखीव असेल आणि त्यावर महिला बसलेली असेल, तर अविश्वास ठरावाला एकूण सदस्यांच्या तीन चतुर्थांश मतं लागतात. सदस्यांमधून सरपंच निवडलेल्या सात सदस्यांच्या ग्रामपंचायतीत हा आकडा सहावर जातो. म्हणजे ती सोडून बाकी झाडून सगळे सदस्य विरोधात हवेत. तिच्या बाजूने एक जण उभा राहिला तरी ठराव पडतो. आरक्षण आल्यावर वर्षा-दोन वर्षांत बायकांना अविश्वासाने घरी बसवण्याचा सपाटा काही ठिकाणी लागला होता, त्यावर हा उपाय होता आणि तो चांगला उपाय आहे.

दुसरा मार्ग अपात्रतेचा. त्याला मतं लागत नाहीत. कलम १४ मध्ये अपात्रतेची कारणं दिली आहेत आणि वर्षागणिक ती वाढत गेली आहेत : दोनपेक्षा जास्त अपत्यं, थकलेली घरपट्टी, शौचालय नसणं, आणि पोटकलम (ज-३) प्रमाणे सरकारी जागेवरचं किंवा सार्वजनिक मालमत्तेवरचं अतिक्रमण. कलम १६ खाली एखाद्याने अर्ज दिला की जिल्हाधिकारी सुनावणी घेतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे अपील. समोरचा दरवाजा तीन कड्या लावून बंद केला आणि मागचा सताड उघडा ठेवला, असं हे झालं आहे.

यातली बहुतेक कारणं कागदावर स्त्री-पुरुष असा भेद करत नाहीत. कुणालाही लागू होतात. पण ती बाईच्या आयुष्यावर वेगळी पडतात. तिसरं मूल हवं की नको हे कित्येक घरांत सून ठरवत नाही, मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही हे सासू-सासरे ठरवतात. घरपट्टी भरायची ती ज्याच्या हातात पैसा आहे त्याने. शौचालय बांधायचं ते ज्याच्या नावावर जागा आहे त्याने. यातला एकही निर्णय तिच्या हाती नाही आणि प्रत्येकाची शिक्षा मात्र तिच्या पदाला. माझ्या मते विचखेड्याच्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. घराची मालमत्ता तिच्या वाट्याला येत नाही, पण घराचा दोष तिच्या खात्यात बिनबोभाट जमा होतो.

घर कुणाचं, अतिक्रमण कुणाचं

(ज-३) या पोटकलमाचा अर्थ लावताना न्यायालयांतही वळणं आली. सागर पांडुरंग धुंदारे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं होतं की ज्याने स्वतः अतिक्रमण केलं तोच अपात्र. बापाने, आज्याने कधी काळी बांधलेल्या घराबद्दल वारसाला जबाबदार धरता येणार नाही. पुढे १९ सप्टेंबर २०१८ रोजी जनाबाई प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा अर्थ बाजूला सारला. अतिक्रमण नवऱ्याने आणि सासऱ्याने केलेलं होतं, जनाबाई त्याच घरात राहत होत्या आणि ग्रामपंचायत सदस्य होत्या. न्यायालयाने त्यांची अपात्रता कायम केली. अतिक्रमण कुणी सुरू केलं एवढंच बघायचं नाही, ते पुढे चालू ठेवून त्याचा उपभोग घेणाराही अतिक्रमण करणाराच, असा त्या निकालाचा आशय.

सार्वजनिक जमीन वाचवायची तर हा विचार समजण्यासारखा आहे. गायरान गिळून त्यावर बंगला बांधायचा आणि कागदावर आजोबांचं नाव दाखवायचं, असे लोक गावोगाव आहेत. त्यांना रोखायला हवंच. पण हा अर्थ लावताना सुनेचं काय होतं, हा प्रश्न मागे राहिला. मुलगा बापाच्या घरात राहतो तेव्हा त्या घरावर त्याचा उद्याचा हक्क असतो. सून लग्न करून येते तेव्हा घर आधीच उभं असतं. जागा गावठाणात आहे की गायरानात, हे सोयरीक जुळवताना कुणी तिला सांगत नाही. घर तिच्या नावावर होत नाही. घर सोडून जायचं म्हटलं तर तो संसार मोडण्याचा प्रश्न होतो. अशा बाईला 'तू उपभोग घेतेस' असं म्हणणं कायद्यात बसत असेल, पण गावच्या जगण्याशी त्याचा मेळ बसत नाही.

आणि मग राहण्याचा पुरावा. पानपाटील म्हणत होत्या की आम्ही वेगळे राहतो. खेड्यात भाड्याचं घर बहुधा तोंडी बोलीवर मिळतं, भाडेकरार कुणी करत नाही, पावती कुणी देत नाही. रेशनकार्ड बऱ्याचदा सासऱ्याच्या नावाचं आणि एकत्र असतं. आधार, मतदार यादी, बँकेचं पासबुक या सगळ्यांवर लग्नानंतर जो पत्ता चढला तो सासरचा. वेगळी चूल मांडून वर्षं लोटली तरी कागद सासूच्याच घरी राहतो. तक्रारदाराला एवढा कागद पुरतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा, म्हणजे गावातल्या घरांच्या नोंदवहीचा, उतारा काढायचा, सासरच्या घरासमोर 'अतिक्रमण' असा शेरा असेल तर तो जोडायचा, सुनेचा पत्ता जोडायचा, झालं.

हे खोटं ठरवायला फार काही लागत नाही. कुणीतरी अधिकाऱ्याने गावात जायचं, बाई कुठे राहते ते डोळ्यांनी बघायचं, शेजारच्या चार घरांत विचारायचं, मुलं शाळेत कुठल्या घरातून जातात ते बघायचं, आणि पंचनामा करायचा. सर्वोच्च न्यायालयाचा सरकारी यंत्रणेवरचा मुख्य ठपका हाच आहे : आरोप खरे की खोटे हे तपासण्याची तसदी कुणी घेतली नाही, मोघम विधानांवर विसंबून वेगवेगळ्या पातळ्यांवर बेफिकिरीने आदेश निघत गेले.

इथे सरकारच्या दुटप्पीपणाबद्दलही बोललं पाहिजे. १६ फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयाने राज्याने ग्रामीण भागातली, सरकारी जागेवरची, १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचं धोरण घेतलं. 'सर्वांसाठी घरे' या नावाखाली हे झालं. भूमिहीन माणूस गावात दुसरीकडे जाणार कुठे, ही वस्तुस्थिती सरकारने त्यात कबूल केली होती आणि ते योग्यच होतं. म्हणजे ज्या झोपडीला एक खातं कायम करून द्यायला निघालं, त्याच झोपडीतल्या सुनेला दुसऱ्या कार्यालयात अपात्र ठरवता येतं. गायरानात किंवा गावठाणाच्या कडेला घर असणारी माणसं कोण असतात? भूमिहीन, मागासवर्गीय, भटके. बागायतदाराच्या सुनेवर (ज-३) चालवायची वेळ सहसा येत नाही.

जळगाव, नाशिक, औरंगाबाद, दिल्ली

अपात्रतेची शिक्षा आदेशानंतर सुरू होते असं वाटतं, पण ती सुनावणीच्या पहिल्या तारखेपासूनच सुरू झालेली असते. जळगाव जिल्ह्यातल्या सरपंचाचा प्रवास बघा. सुनावणी जळगावला जिल्हाधिकारी कार्यालयात. अपील नाशिकला विभागीय आयुक्तांकडे. तिथून रिट याचिका उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात. आणि मग दिल्ली. प्रत्येक टप्प्यावर नवा वकील, नवी फाइल, नकला काढण्याचा खर्च, आणि तारीख पडली की एक दिवसाची मजुरी किंवा शेतातलं काम बुडणार.

हा खर्च करायचा कशातून? सरपंचाचं मानधन २०१९ पासून गावाच्या लोकसंख्येप्रमाणे महिना ३,०००, ४,००० किंवा ५,००० रुपये होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने ते दुप्पट केलं, म्हणजे ६,००० ते १०,०००. विचखेड्याचा निकाल त्याच महिन्यातला, तेव्हा दुप्पट मानधनाचा या लढाईला काही उपयोग नव्हता. तीन हजार रुपयांत दिल्लीच्या वकिलाचं तिकीटसुद्धा येत नाही. यात आणखी एक गोष्ट जोडा. तक्रारदाराला खर्च जवळजवळ नाहीच. त्याने अर्ज दिला की पुढचं सगळं सरकारी यंत्रणा चालवते. हरला तरी त्याच्या खिशातून काही जात नाही. बाईने मात्र जिंकण्यासाठी घर गहाण टाकायचं, तेही तिच्या नावावर नसलेलं.

तिच्या अपात्रतेनंतर पद रिकामं होतं तेव्हा कारभार उपसरपंचाकडे जातो. कोण उपसरपंच आणि तक्रार कुणाच्या गोटातून आली, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. विचखेड्याविषयी मी असं काही म्हणत नाही, कारण निकालात ते नाही. पण अपात्रतेच्या अर्जाची चौकशी करणाऱ्याने हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला काय हरकत आहे? पद गेलं तर फायदा कुणाचा, हे फौजदारी तपासात विचारतात. इथे कुणी विचारत नाही.

आणि कितीजणी दिल्लीपर्यंत जातात? जळगावच्या आदेशावरच बहुतेक घरांत निर्णय होतो : 'सोड आता, पोरांकडे बघ.' नवऱ्याचा जीव थकतो, दीर म्हणतात आपल्याला गावात राहायचंय, माहेरचे म्हणतात उगीच वैर कशाला. अशा बायकांची नोंद निकालपत्रांत होत नाही. पानपाटील यांच्या चिकाटीची थोरवी मला यात वाटते. चारही दारं त्यांनी ठोठावली म्हणून आज आपण हे प्रकरण वाचू शकतो.

निकालाने काय दिलं, काय दिलं नाही

निकालातली भाषा स्पष्ट आहे आणि ती गावोगावच्या कार्यालयांत वाचली जावी अशी आहे. निवडून आलेल्या प्रतिनिधीला काढणं ही हलक्यात घेण्याची गोष्ट नाही, त्यात ग्रामीण बाईच्या बाबतीत तर नाहीच, असं न्यायालय म्हणतं. आरोपाच्या मानाने शिक्षा फारच मोठी होती, हेही म्हणतं. आणि ते एका गावापुरतं थांबत नाही. राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईशी प्रशासनाच्या सगळ्या पातळ्यांवर पूर्वग्रहाने वागलं जातं, हा सगळ्या व्यवस्थेतच मुरलेला प्रकार आहे, असं ते नोंदवतं. सर्वोच्च न्यायालयाने हे शब्द वापरल्यामुळे आता 'हे आमच्या गावातलं राजकारण आहे, बाई-पुरुषाचा प्रश्न नाही' असं म्हणून कुणाला हात झटकता येणार नाहीत.

पण या निकालाने कायदा बदललेला नाही. पानपाटील त्या घरात राहतात हे सिद्धच झालं नाही आणि शिक्षा अवाजवी ठरली, म्हणून त्या सुटल्या. जनाबाई निकाल जसाच्या तसा उभा आहे. दोन न्यायमूर्तींच्या पीठाला तीन न्यायमूर्तींचा निर्णय फिरवता येतही नाही. याचा अर्थ, उद्या एखादी सरपंच खरोखरच सासूबरोबर त्या घरात राहत असेल तर तिला विचखेड्याच्या निकालाचा आधार थोडाच पुरेल. भाड्याने वेगळं राहण्याइतकी ऐपत आहे ती वाचेल, एकत्र राहते ती जाईल. जी जास्त गरीब तिचं पद जास्त लवकर जाणार, हा या कायद्याचा आजचा परिणाम आहे.

दुसरं असं की न्यायालयाने अधिकाऱ्यांना संवेदनशील व्हायला सांगितलं, बायकांना आपली योग्यता दाखवता येईल असं वातावरण तयार करायला सांगितलं. त्यासोबत दंड नाही, मुदत नाही, पुढची कारवाई नाही. याच न्यायमूर्तींच्या पीठाने दीड-दोन महिन्यांनी, १४ नोव्हेंबर २०२४ रोजी, छत्तीसगडमधल्या जशपूर जिल्ह्यातल्या साजबहार ग्रामपंचायतीच्या सरपंच सोनम लाकरा यांच्या प्रकरणात एक पाऊल पुढे टाकलं. त्यांच्यावर बांधकामं वेळेत न केल्याचा आरोप होता. कामं तीन महिन्यांत करायची होती, आणि डिसेंबर २०२२ चा कार्यादेश त्यांच्या हातात पडला मार्च २०२३ मध्ये! त्यांचं पद परत देताना न्यायालयाने राज्य सरकारवर १ लाख रुपयांचा खर्च बसवला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याची मोकळीक दिली. विचखेड्यातही असा खर्च बसला असता तर पुढचा प्रत्येक अधिकारी पंचनामा न करता सही करण्यापूर्वी दोनदा थांबला असता.

याला हिंसा म्हणायचं का

काही वाचकांना हे ताणून धरल्यासारखं वाटेल. तक्रार करणं हा नागरिकाचा हक्क आहे, त्याला हिंसा कसं म्हणणार? माझं उत्तर बोलिव्हियातल्या एका प्रकरणावरून देतो. टिटिकाका सरोवराच्या बाजूला अंकोराइमेस नावाची नगरपालिका आहे. हुआना किस्पे ही आयमारा या तिथल्या आदिवासी समाजातली बाई तिथे नगरसेविका झाली. तिच्यावर राजीनाम्यासाठी दबाव आला, सभेत बसू दिलं नाही, ती न्यायालयात गेली, आपल्या बाजूने आदेश आणला, तरी अडवणूक थांबली नाही. मार्च २०१२ मध्ये ला पाझ शहरात तिचा खून झाला. मे २०१२ मध्ये बोलिव्हियाच्या संसदेने २४३ क्रमांकाचा कायदा केला. बायकांच्या राजकीय छळाविरुद्धचा हा मसुदा तिथल्या नगरसेविकांच्या संघटनेने कैक वर्षं लावून धरला होता, तो खून झाल्यावर मंजूर झाला.

त्या कायद्यातली छळाची यादी वाचली की आपल्याकडची गावं डोळ्यांपुढे येतात. सभेला येऊ न देणं. बोलू न देणं. चुकीची माहिती देऊन तिच्या हातून चूक घडवून आणणं. तिच्या खासगी आयुष्यातल्या गोष्टी बाहेर काढून तिला पद सोडायला भाग पाडणं. दबाव आणून कागदावर सही घेणं. यातली बरीच कामं लाठीशिवाय होतात, तरी बोलिव्हियाने ती गुन्ह्याच्या वाटेवरच्या पायऱ्या मानली, कारण किस्पेच्या बाबतीत त्या पायऱ्या कुठे घेऊन गेल्या हे त्या देशाने पाहिलं होतं. कायदा झाल्याने तिथला छळ संपला असं नाही. पण छळाला नाव मिळालं आणि तक्रार कुठे करायची हे ठरलं. आपल्याकडे महिला सरपंचाला जातिवाचक शिवी दिली तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, विनयभंग झाला तर फौजदारी कायदा आहे. पण चौकशांमागून चौकशा लावून तिला पाच वर्षं पळवलं, तर त्यासाठी कोणतंही कलम नाही.

आपल्याकडे चर्चा होते ती बहुतेक 'सरपंचपती' या विषयावर. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यावर समिती नेमली आणि तिने बायकोच्या नावाने कारभार करणाऱ्या नवऱ्यांना जरब बसेल असा दंड सुचवला. ठीक आहे. पण या चर्चेत सगळा दोष घरावर येतो आणि कार्यालयं सुटतात. जी बाई नवऱ्याच्या हातात शिक्का देत नाही, स्वतः सभा चालवते, स्वतः बिलं तपासते, तिच्यावर चौकशी लागण्याचा धोका जास्त असतो. शिक्का नवऱ्याकडे दिलेल्या सरपंचाविरुद्ध गावातल्या पुढाऱ्यांना तक्रार करण्याची गरज कशाला पडेल? त्यांचं काम चाललेलंच असतं.

काय बदलता येईल

जळगाव जिल्ह्यातच या प्रश्नाच्या मुळाशी हात घालणारा एक प्रयत्न फार आधी झाला होता. १९८९ मध्ये, आरक्षण यायच्या कितीतरी आधी, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने ग्रामपंचायतींसाठी संपूर्ण महिलांची पॅनेलं उभी केली आणि विटनेर गावात असं पॅनेल निवडून आलं. नंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम मांडली : नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करायचा, आणि ज्या गावात शंभर कुटुंबं असं करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. विटनेर त्यात पुढे होतं. सत्तेची खुर्ची आणि जमिनीचा उतारा या दोन गोष्टी एकत्र बघायच्या असतात, हे त्या बायकांनी ओळखलं होतं. पुढे सरकारने नमुना ८ वर नवरा-बायको दोघांची नावं लावण्यासाठी 'घर दोघांचे' ही मोहीम काढली. ती मनापासून राबवली असती तर सुनेला निदान आपल्या घराचा कागद कसा आहे हे आधी कळलं असतं.

कायद्यात करण्यासारख्या दुरुस्त्या फार मोठ्या नाहीत. (ज-३) मध्ये एक खुलासा घालावा : नवऱ्याच्या किंवा सासरच्या माणसांनी लग्नाआधी केलेल्या राहत्या अतिक्रमणासाठी विवाहित बाईला केवळ तिथे राहते म्हणून अपात्र ठरवू नये, आणि २०१८ च्या शासन निर्णयाखाली नियमित होण्याजोगं घर असेल तर त्याचा निर्णय होईपर्यंत अपात्रतेची कारवाई थांबवावी. कलम १६ खालच्या प्रत्येक अर्जात प्रत्यक्ष जागेवर जाऊन, सरपंचाच्या उपस्थितीत पंचनामा सक्तीचा करावा. अपिलाचा निकाल ठरावीक दिवसांत लागावा आणि तोपर्यंत पद रिकामं समजू नये. खोट्या तक्रारीचा खर्च तक्रारदारावर, आणि न तपासता काढलेल्या आदेशाचा खर्च अधिकाऱ्यावर बसावा. हे सगळं विधिमंडळाच्या एका अधिवेशनात होण्यासारखं आहे.

ते होईपर्यंत निवडून आलेल्या बाईने स्वतः काय करावं, हेही सांगायला हवं, कारण २०२५ ते २०३० या काळासाठी सरपंचपदाच्या आरक्षणाच्या सोडती निघाल्या आहेत. अर्ज भरण्याआधीच सासरच्या घराचा नमुना ८ चा उतारा काढून बघा. शेरा अतिक्रमणाचा असेल तर नियमानुकूल करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. वेगळ्या राहत असाल तर साध्या कागदावर का होईना भाडेकरार करा, भाडं बँकेतून किंवा मोबाइलवरून द्या, वीजबिल जपून ठेवा, रेशनकार्ड वेगळं करा, आधार आणि मतदार यादीतला पत्ता बदला. नोटीस आली की पहिल्याच तारखेला लेखी मागणी करा की जागेवर येऊन पंचनामा करावा. मागणी नाकारली तर नाकारल्याचं लेखी घ्या, वरच्या न्यायालयात तो कागद कामाला येतो. आणि वकिलाच्या पैशासाठी अडून राहू नका : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो, आणि तो हक्क न्यायिक स्वरूपाचं काम करणाऱ्या अधिकाऱ्यापुढच्या सुनावणीलाही लागू आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस घेऊन आधी तिथे जा.